अमेरिकेतील मधमाश्यांच्या वसाहतींचा ऱ्हास

अमेरिकेतील मधमाश्यांच्या वसाहतींचा ऱ्हास म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये पाळीव मधमाश्यांच्या वसाहतींची विसाव्या शतकाच्या मध्यापासून झालेली घट आणि २००६ नंतर त्यांच्या मृत्यूच्या वार्षिक प्रमाणात झालेली मोठी वाढ होय. १९४७ मध्ये या देशात सुमारे ५९ लाख वसाहती होत्या. २००८ च्या सुमारास ही संख्या २५ लाखांच्याही खाली आली होती. २००६-०७ च्या हिवाळ्यात हजारो पेट्यांमधील कामकरी माश्या अचानक नाहीशा झाल्या. या घटनेला 'कॉलनी कोलॅप्स डिसऑर्डर' (वसाहत-ऱ्हास विकार) असे नाव देण्यात आले आणि त्यानंतर हा विषय जगभर चर्चेत आला.

ऱ्हासाचे एकच एक कारण आढळलेले नाही. व्हरोआ नावाचा परजीवी कोळी, त्याच्यामार्फत पसरणारे विषाणू, कीटकनाशके आणि फुलोऱ्याच्या अभावामुळे होणारे कुपोषण यांचा एकत्रित परिणाम म्हणून त्याकडे पाहिले जाते. पाळीव मधमाशी ही जाती मात्र नामशेष होण्याच्या मार्गावर नाही. मेलेल्या वसाहतींची जागा मधपाळ दरवर्षी नव्या वसाहतींनी भरून काढतात व त्यामुळे एकूण संख्या बरीचशी स्थिर राहिली आहे. ही भरपाई खर्चिक असते आणि तिचा भार परागीभवनाच्या भाड्यातून बदाम, सफरचंद, ब्ल्यूबेरी, चेरी यांसारख्या पिकांच्या उत्पादनखर्चावर पडतो.

पार्श्वभूमी

मधमाशी आणि परागीभवन

मधमाश्यांच्या एका वसाहतीत एक राणी, हजारो कामकरी माश्या आणि हंगामानुसार काही नर असतात. अंडी घालण्याचे काम राणी करते. पिलांचे संगोपन, पोळ्याची बांधणी, राखण आणि अन्न गोळा करणे ही सर्व कामे कामकरी माश्यांकडे असतात. उन्हाळ्यात कामकरी माशीचे आयुष्य साधारणपणे सहा आठवड्यांचे असते. थंड प्रदेशात हिवाळ्यात माश्या पेटीत एकमेकींना बिलगून गोळा करतात व साठवलेल्या मधावर गुजराण करून वसंतापर्यंत तग धरतात. यामुळे हिवाळ्यानंतर किती वसाहती जिवंत राहिल्या, हा मधुमक्षिकापालनातील यशापयशाचा महत्त्वाचा निकष ठरतो.

मकरंद आणि पराग गोळा करताना माश्यांच्या अंगावरील केसांना परागकण चिकटतात व एका फुलातून दुसऱ्या फुलात जातात. यातून परागीभवन घडते. एका फेरीत माशी सहसा एकाच जातीच्या फुलांना भेट देत असल्यामुळे शेतीसाठी ती विशेष उपयुक्त ठरते. पेट्या वाहनात भरून हव्या त्या शेतात, हव्या त्या आठवड्यात नेता येतात, ही तिची आणखी एक सोय होय. इतर बहुतेक परागवाहक कीटकांच्या बाबतीत असे करता येत नाही.

अमेरिकेतील मधुमक्षिकापालन

पाळीव मधमाशी (एपिस मेलिफेरा) मूळची अमेरिका खंडातील नाही. युरोपीय वसाहतकारांनी १६२२ मध्ये ती व्हर्जिनियात आणली. लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी १८५२ मध्ये सुट्या चौकटींच्या पेटीचे एकस्व (पेटंट) मिळवले. पोळे न मोडता मध काढणे, वसाहतीची तपासणी करणे आणि पेटी दूरवर नेणे त्यामुळे शक्य झाले. विसाव्या शतकात एकपीक पद्धतीची शेती वाढली, तसे मधविक्रीच्या जोडीने परागीभवनासाठी पेट्या भाड्याने देणे हेही मधपाळांच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन बनले. आज मोठे व्यावसायिक मधपाळ वर्षभरात हजारो किलोमीटरचा प्रवास करतात. फेब्रुवारीत ते कॅलिफोर्नियातील बदामाच्या बागांमध्ये असतात, वसंतात सफरचंद, चेरी किंवा ब्ल्यूबेरीच्या बागांकडे जातात आणि उन्हाळ्यात मधासाठी नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा यांसारख्या राज्यांतील गवताळ प्रदेशात मुक्काम करतात.

ऱ्हासाचा इतिहास

१९४७ ते २००५

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात वसाहतींची संख्या हळूहळू उतरत गेली. साखरेची सहज उपलब्धता, मधाला मिळणारा कमी भाव, ग्रामीण भागातून झालेले स्थलांतर आणि कृत्रिम कीटकनाशकांचा वाढता वापर ही या टप्प्यातील घटीची कारणे मानली जातात. म्हणजेच आरंभीची बरीचशी घट रोगराईमुळे झालेली नसून व्यवसाय परवडेनासा झाल्यामुळे झाली होती.

१९८० च्या दशकात परिस्थिती बदलली. माश्यांच्या श्वासनलिकेत राहणारा एक सूक्ष्म कोळी १९८४ मध्ये टेक्सासमध्ये आढळला. १९८७ मध्ये व्हरोआ कोळ्याचा अमेरिकेत प्रथमच शोध लागला. पुढील काही वर्षांत व्हरोआ देशभर पसरला आणि रानात, झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या मेलिफेरा माश्यांच्या बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. तोवर पेटीची अधूनमधून देखरेख पुरेशी असे. यानंतर औषधोपचाराविना वसाहत टिकवणे अवघड झाले.

२००४-०५ च्या हिवाळ्यातही मोठी हानी झाली. बदामाच्या बागांसाठी पेट्या अपुऱ्या पडू लागल्याने ऑस्ट्रेलियातून जिवंत मधमाश्या आयात करण्यास परवानगी देण्यात आली. रोगांच्या भीतीने १९२२ च्या कायद्यान्वये अशा आयातीवर निर्बंध घातलेले होते.

२००६-०७ चा हिवाळा

नोव्हेंबर २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील व्यावसायिक मधपाळ डेव्हिड हॅकेनबर्ग यांना फ्लोरिडात ठेवलेल्या आपल्या सुमारे ४०० पेट्यांपैकी बहुतांश पेट्या रिकाम्या आढळल्या. त्यांनी ही बाब शास्त्रज्ञांच्या कानावर घातली. लवकरच इतर अनेक राज्यांतून अशाच तक्रारी येऊ लागल्या. काही मधपाळांनी ३० ते ९० टक्के वसाहती गमावल्या होत्या.

या विकाराची लक्षणे नेहमीच्या रोगांपेक्षा निराळी होती:

- प्रौढ कामकरी माश्या अल्पावधीत नाहीशा होतात. पेटीत वा पेटीभोवती मृत माश्यांचा खच आढळत नाही.
- राणी आणि मोजक्या तरुण माश्या पेटीत शिल्लक असतात.
- पोळ्यात अळ्या व बंद कोष असतात. निरोगी वसाहत आपली पिले सोडून सहसा जात नाही.
- मध व पराग यांचा साठा शाबूत असतो आणि शेजारच्या माश्या तो लुटण्यासही बराच काळ फिरकत नाहीत.

मार्च २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे या विषयावर सुनावणी झाली. त्याच वर्षी कृषी विभागाने संशोधनाचा कृती आराखडा तयार केला.

२००७ नंतर

२००६-०७ पासून हिवाळ्यातील हानीची देशव्यापी पाहणी दरवर्षी होऊ लागली. पहिल्या काही हिवाळ्यांमध्ये आढळलेले वसाहतींच्या हानीचे प्रमाण पुढीलप्रमाणे होते:

- २००६-०७: सुमारे ३२ टक्के
- २००७-०८: सुमारे ३६ टक्के
- २००८-०९: सुमारे २९ टक्के
- २००९-१०: सुमारे ३४ टक्के
- २०१०-११: सुमारे ३० टक्के
- २०११-१२: सुमारे २२ टक्के
- २०१२-१३: सुमारे ३१ टक्के

हिवाळ्यात साधारणपणे १५ ते २० टक्के हानी मधपाळ सोसण्याजोगी मानतात. पुढे उन्हाळ्यातही मोठ्या प्रमाणात वसाहती मरतात असे दिसून आल्याने संपूर्ण वर्षाची हानी मोजली जाऊ लागली. २०२०-२१ मध्ये ती सुमारे ४५ टक्के, तर २०२२-२३ मध्ये सुमारे ४८ टक्के होती.

या काळात वसाहत-ऱ्हास विकाराची नेमकी लक्षणे दाखवणाऱ्या घटना कमी होत गेल्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार, नष्ट झालेल्या वसाहतींपैकी या विकाराशी जोडलेल्यांचा वाटा २००८ मध्ये सुमारे ६० टक्के होता, तो २०१३ मध्ये सुमारे ३१ टक्क्यांवर आला. मृत्यूचे एकूण प्रमाण मात्र चढेच राहिले. त्यामुळे संशोधकांचा भर एका गूढ विकाराच्या शोधावरून वसाहतींच्या एकंदर आरोग्याकडे वळला.

२०२४-२५ ची हानी

जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात व्यावसायिक मधपाळांनी सरासरी ६० टक्क्यांहून अधिक वसाहती गमावल्या. ही २००६ नंतरच्या सर्वात मोठ्या हानींपैकी एक ठरली. हानीचे स्वरूप बदामाच्या बागांसाठी पेट्या तयार करण्याच्या वेळी, म्हणजे जानेवारीत, स्पष्ट झाले. कृषी विभागाच्या शास्त्रज्ञांना मृत वसाहतींच्या नमुन्यांमध्ये विषाणूंचे प्रमाण जास्त आढळले. तसेच त्यांतील व्हरोआ कोळ्यांमध्ये अमिट्राझ या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधाविरुद्ध प्रतिकारक्षमता निर्माण झाल्याचे दिसले.

कारणे

व्हरोआ कोळी आणि विषाणू

व्हरोआ डिस्ट्रक्टर हा सुमारे दीड मिलिमीटर रुंदीचा, तांबूस तपकिरी रंगाचा कोळी आहे. त्याचा मूळ यजमान आशियाई मधमाशी (एपिस सेराना) होय. पाळीव युरोपीय मधमाश्या आशियात नेल्या गेल्यानंतर विसाव्या शतकात तो त्यांच्यावर संक्रमित झाला. सेराना माश्या एकमेकींच्या अंगावरील कोळी काढून टाकतात. शिवाय त्यांच्या वसाहतीत कोळ्याची वाढ मुख्यतः नरांच्या कोषांपुरती मर्यादित राहते. मेलिफेरा माश्यांमध्ये अशी संरक्षणयंत्रणा दुबळी असल्याने कोळ्याची संख्या झपाट्याने वाढते.

मादी कोळी अळीचे घर मेणाने बंद होण्याच्या थोडे आधी त्यात शिरते व आत अंडी घालते. कोळी माशीच्या शरीरातील मेदपेशींवर उपजीविका करतो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. पोषणद्रव्यांचा साठा, रोगप्रतिकार आणि विषारी द्रव्यांचा निचरा ही कामे याच पेशी करतात. त्यामुळे कोळीग्रस्त माशी कीटकनाशकांना व रोगांना लवकर बळी पडते. कोळी चावताना विषाणूही संक्रमित करतो. त्यांपैकी पंख-विकृती विषाणूमुळे माश्यांचे पंख चुरगळलेले व निरुपयोगी होतात. २००७ मध्ये एका अभ्यासात इस्रायली तीव्र पक्षाघात विषाणूचा वसाहत-ऱ्हास विकाराशी संबंध दर्शवण्यात आला होता. मात्र हा विषाणू अमेरिकेत त्याआधीपासून होता असे पुढे आढळले व तो एकमेव कारण असल्याचे मत मागे पडले. नोझेमा सेराने या आतड्यातील परजीवीचाही संभाव्य कारणांमध्ये समावेश होतो.

कोळ्याच्या नियंत्रणासाठी वापरलेल्या फ्लुव्हॅलिनेट व कुमाफॉस या औषधांना कोळी आधीच दाद देईनासे झाले होते. अमिट्राझच्या बाबतीतही त्याच अनुभवाची पुनरावृत्ती होत आहे.

कीटकनाशके

निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशके १९९० च्या दशकापासून प्रचारात आली. ती बियाण्याला चोळल्यास वनस्पतीच्या सर्व भागांत, तसेच पराग व मकरंदातही उतरतात. पेरणीयंत्रातून उडणारी बियाण्यावरील धूळ मधमाश्यांसाठी अत्यंत घातक ठरू शकते. जर्मनीच्या ऱ्हाइन खोऱ्यात २००८ मध्ये क्लोथियानिडिन लावलेल्या मक्याच्या पेरणीवेळी अशा धुळीने ११ हजारांहून अधिक वसाहतींचे नुकसान झाले. अल्प मात्रेने माशी लगेच मरत नाही, पण तिची दिशा ओळखण्याची व पेटीकडे परतण्याची क्षमता कमी होऊ शकते, असे प्रयोगांतून दिसले आहे. फुलोऱ्याच्या काळात फवारलेली काही बुरशीनाशके इतर रसायनांबरोबर मिळून त्यांची विषबाधा वाढवतात.

कीटकनाशकांचा वाटा नेमका किती, याबद्दल मतभेद आहेत. निओनिकोटिनॉइडांचा वापर नसलेल्या ठिकाणीही व्हरोआमुळे वसाहती मरतात, याकडे काही शास्त्रज्ञ लक्ष वेधतात. दुर्बल झालेल्या वसाहतीत विषाची अल्प मात्राही निर्णायक ठरू शकते, असे इतरांचे म्हणणे आहे.

कुपोषण व अधिवासाचा ऱ्हास

मधमाशीला कर्बोदके मकरंदातून, तर प्रथिने व स्निग्ध पदार्थ परागातून मिळतात. एकाच पिकाच्या विस्तीर्ण क्षेत्रात काही आठवडे फुलांची रेलचेल असते व नंतर अन्नाचा दुष्काळ पडतो. उत्तरेकडील गवताळ प्रदेश उन्हाळ्यात मधमाश्यांचे मुख्य चराऊ क्षेत्र असतात. तेथील बऱ्याच जमिनी मका व सोयाबीन यांच्या लागवडीखाली आल्या. शेतजमीन पडीक ठेवून तेथे गवत व रानफुले वाढू देण्यासाठी शेतकऱ्यांना मोबदला देणाऱ्या सरकारी योजनेखालील क्षेत्र २००७ मध्ये सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर होते. २०१५ पर्यंत ते अडीच कोटी एकरांच्या खाली आले.

वाहतूक व गर्दी

देशभरातील बहुसंख्य व्यावसायिक वसाहती फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील एकाच खोऱ्यात एकत्र येतात. प्रवासाचा ताण आणि पेट्यांची दाटी यांमुळे कोळी व रोग एका मधपाळाच्या वसाहतींतून दुसऱ्याच्या वसाहतींत पसरण्यास वाव मिळतो.

अन्नपुरवठ्यावरील परिणाम

पिकांचे अवलंबित्व

गहू, तांदूळ व मका ही प्रमुख तृणधान्ये वाऱ्याद्वारे किंवा स्वपरागीभवनाने बीजधारणा करतात. त्यामुळे मधमाश्यांच्या घटीचा त्यांच्या उत्पादनावर थेट परिणाम होत नाही. २००७ मधील एका बहुचर्चित अभ्यासानुसार जगातील ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिके कमीअधिक प्रमाणात प्राण्यांमार्फत होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत. मात्र जगातील अन्नोत्पादनाचा वजनाने सुमारे ६० टक्के भाग असे अवलंबित्व नसलेल्या पिकांतून येतो. जैवविविधता व परिसंस्था सेवांविषयीच्या आंतरशासकीय मंचाच्या २०१६ च्या अहवालात जागतिक पीक उत्पादनाचा ५ ते ८ टक्के भाग थेट परागवाहकांमुळे मिळतो, असा अंदाज दिला आहे.

अवलंबित्वाचे प्रमाण पिकानुसार बदलते. बदाम, सफरचंद, चेरी, ब्ल्यूबेरी, कलिंगड आणि लाल भोपळा यांमध्ये ते जास्त आहे. परागीभवन अपुरे झाल्यास फळे कमी धरतात, तसेच ती लहान व वेडीवाकडी होतात. अमेरिकी शेतीला मधमाश्यांमुळे मिळणाऱ्या लाभाचे मूल्य वर्षाला सुमारे १५ अब्ज डॉलर असल्याचे अमेरिकी शासनाच्या प्रकाशनांत नमूद केले जाते.

बदाम

जगातील बदामाच्या उत्पादनापैकी सुमारे ८० टक्के उत्पादन एकट्या कॅलिफोर्नियात होते. बदामाच्या बहुतेक वाणांमध्ये त्याच वाणाच्या परागाने फळधारणा होत नाही. म्हणून बागेत दोन किंवा अधिक वाणांच्या ओळी आलटूनपालटून लावतात व पराग इकडून तिकडे नेण्याचे काम मधमाश्यांवर सोपवतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून जेमतेम महिनाभर फुलोरा असतो आणि दर एकराला साधारण दोन पेट्या लागतात. फळ देणाऱ्या बागांचे क्षेत्र २००३ च्या सुमारास साडेपाच लाख एकर होते, ते २०२० नंतर १३ लाख एकरांच्या वर गेले. त्यामुळे दरवर्षी २० लाखांहून अधिक वसाहतींची गरज भासते. देशातील पाळीव वसाहतींचा हा फार मोठा हिस्सा होय.

पेटीचे भाडे २००३ च्या सुमारास ५० डॉलरच्या आसपास होते. २००६ मध्ये ते १३० डॉलरच्या पुढे गेले व २०२० नंतर सुमारे २०० डॉलर झाले. वाढत्या भाड्यामुळे पेट्यांच्या चोऱ्याही होऊ लागल्या. कमी मधमाश्यांवर भागणाऱ्या, स्वतःच्याच परागाने फळ धरणाऱ्या वाणांची लागवडही काही बागायतदारांनी सुरू केली आहे. अलीकडच्या वर्षांत भारत हा कॅलिफोर्नियाच्या बदामांचा सर्वात मोठा परदेशी ग्राहक असल्याने या व्यवस्थेतील चढउतारांचा भारतीय बाजारपेठेशीही संबंध येतो.

इतर फळे

अमेरिका व कॅनडातील सात पिकांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच पिकांचे उत्पादन परागीभवनाच्या कमतरतेमुळे मर्यादित राहत असल्याचे पुरावे मिळाले. त्यांमध्ये सफरचंद, चेरी व ब्ल्यूबेरी यांचा समावेश होता. म्हणजेच या शेतांवर अधिक मधमाश्या वा रानटी माश्या आल्या असत्या, तर उत्पन्न वाढले असते.

पोषण

परागवाहकांवर अवलंबून असलेली पिके उष्मांकांपेक्षा जीवनसत्त्वे व खनिजे यांचा स्रोत म्हणून अधिक महत्त्वाची आहेत. मानवी आहारातील 'क' जीवनसत्त्वाचा बहुतांश भाग, तसेच 'अ' जीवनसत्त्व व फोलेट यांचा मोठा भाग अशा पिकांतून येतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रतिमानाधारित अभ्यासानुसार अपुऱ्या परागीभवनामुळे जगातील फळे, भाज्या व सुकामेवा यांच्या उत्पादनात ३ ते ५ टक्के तूट येते. पौष्टिक अन्न कमी खाल्ले गेल्याने होणाऱ्या आजारांमुळे त्यातून वर्षाला सुमारे ४ लाख २७ हजार अतिरिक्त मृत्यू होतात, असाही अंदाज त्यात मांडला आहे. परागवाहकांच्या घटीचा संभाव्य परिणाम त्यामुळे भूकबळींपेक्षा आहाराचा दर्जा खालावणे व फळे-भाज्या महाग होणे या स्वरूपात अधिक दिसतो.

वसाहतींची संख्या आणि तिचा अर्थ

दरवर्षी ४० टक्क्यांहून अधिक वसाहती मरूनही कृषी विभागाच्या वार्षिक पाहणीतील एकूण संख्या गेली अनेक वर्षे २५ ते ३० लाखांच्या दरम्यान राहिली आहे. २०२२ च्या कृषी गणनेत तर सुमारे ३८ लाख वसाहतींची नोंद झाली. मृत्यू आणि एकूण संख्या यांतील ही विसंगती वरवरची आहे. मधपाळ वसंतात सशक्त वसाहतीचे दोन भाग करून एका भागाला नवी राणी देतात किंवा माश्या विकत आणतात आणि रिकाम्या पेट्या पुन्हा भरतात. एखाद्या पशुपालकाची जवळपास निम्मी जनावरे दरवर्षी दगावली व त्याने तितकीच नवी उभी केली, तर वर्षअखेरीस मोजदाद तेवढीच भरेल. परंतु राणीमाशी, साखरेचा पाक, औषधे व मजुरी यांवरील खर्च मात्र वाढलेला असेल. विभाजनानंतर नवी वसाहत भरास येईपर्यंत मधाचे उत्पन्नही घटते.

याच कारणाने केवळ वसाहतींच्या संख्येवरून संकट टळले किंवा वाढले, असा निष्कर्ष काढता येत नाही. लागोपाठ दोन-तीन वर्षे मोठी हानी झाल्यास विभाजनासाठी सशक्त वसाहतीच उरत नाहीत आणि मधपाळ व्यवसाय सोडून देतात. जागतिक पातळीवर १९६१ पासूनच्या सुमारे अर्धशतकात पाळीव वसाहती सुमारे ४५ टक्क्यांनी वाढल्या, मात्र परागवाहकांवर अवलंबून असलेल्या पिकांचे उत्पादन त्याहून कितीतरी अधिक वेगाने वाढले.

रानटी माश्या

अमेरिकेत माश्यांच्या सुमारे ४,००० स्थानिक जाती असून त्यांतील बहुतेक एकट्याने राहतात व मध साठवत नाहीत. भोपळा, टोमॅटो, ब्ल्यूबेरी अशा पिकांमध्ये काही स्थानिक जाती पाळीव मधमाशीपेक्षा अधिक कार्यक्षम असतात. मेलेल्या पाळीव वसाहतींची भरपाई मधपाळ करतात. रानटी माश्यांची भरपाई करणारे कोणी नसते. रस्टी पॅच्ड बंबलबी या जातीचा समावेश २०१७ मध्ये संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत करण्यात आला. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील माशीला असे संरक्षण प्रथमच मिळाले. मोठ्या संख्येने आणलेल्या पाळीव मधमाश्या अन्नासाठी स्थानिक माश्यांशी स्पर्धा करतात व त्यांच्यात रोग पसरवू शकतात, अशी चिंता परिसंस्थाशास्त्रज्ञ व्यक्त करतात.

उपाययोजना

- धोरण: जून २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी परागवाहकांच्या आरोग्यासाठी कृतिदल नेमले. मे २०१५ च्या धोरणात हिवाळ्यातील हानी दहा वर्षांत १५ टक्क्यांवर आणणे आणि ७० लाख एकर जमीन परागवाहकांसाठी अनुकूल करणे ही उद्दिष्टे ठेवली होती. हानीविषयीचे उद्दिष्ट साध्य झाले नाही.
- कीटकनाशकांवरील निर्बंध: युरोपीय संघाने २०१३ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन व थायामेथोक्झाम यांच्या वापरावर निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये त्यांच्या खुल्या शेतातील वापरावर बंदी घातली. अमेरिकेत अशी देशव्यापी बंदी नाही. मेरीलँड, न्यूयॉर्क यांसारख्या राज्यांनी स्वतंत्र कायदे केले आहेत.
- प्रजनन: कोळीग्रस्त कोष ओळखून ते साफ करणाऱ्या माश्यांचे वाण निवडपद्धतीने तयार केले जात आहेत. रशियाच्या अतिपूर्वेकडील भागातून १९९७ मध्ये आणलेल्या, व्हरोआला तुलनेने सहनशील माश्यांचाही यासाठी उपयोग केला गेला.
- व्यवस्थापन: कोळ्यांची नियमित मोजणी, औषधांची आलटापालट, ऑक्झॅलिक आम्लासारख्या पर्यायांचा वापर, फुलोऱ्यात दिवसा फवारणी टाळणे व शेताच्या बांधावर फुलझाडे राखणे यांची शिफारस केली जाते.

गैरसमज

मधमाश्या नष्ट झाल्यास मानवजात चार वर्षांत संपेल, हे विधान अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या नावावर खपवले जाते. परंतु त्यांनी असे म्हटल्याचा कोणताही पुरावा नाही. तृणधान्यांना मधमाश्यांची गरज नसल्याने विधानातील मजकूरही वस्तुस्थितीला धरून नाही. मोबाइल दूरध्वनीच्या लहरींमुळे वसाहती कोसळतात, हे मतही सिद्ध झालेले नाही.

भारताशी संबंध

भारतात सातेरी (एपिस सेराना इंडिका), आग्या (एपिस डॉर्सेटा) व फुलोरी (एपिस फ्लोरिया) या स्थानिक मधमाश्या आढळतात. हिमालयात एपिस लॅबोरिओसा ही आणखी एक जाती आहे. मेलिफेरा माशी १९६२ मध्ये नगरोटा (आजचे हिमाचल प्रदेश राज्य) येथे यशस्वीपणे आणली गेली व आज व्यावसायिक मधोत्पादनात तिचा मोठा वाटा आहे. भारतीय मधाच्या निर्यातीत अमेरिका हा सर्वात मोठा खरेदीदार असून २०२२ मध्ये अमेरिकेने भारतासह चार देशांच्या मधावर प्रतिपाटण शुल्क लावले.

भारतातही वसाहतींचा मोठा ऱ्हास झालेला आहे. थाई सॅकब्रूड या विषाणूच्या साथीत १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातील पाळीव सातेरी माश्यांच्या ९० टक्क्यांहून अधिक वसाहती नष्ट झाल्या. पुढे तगलेल्या वसाहतींपासून त्यांची संख्या हळूहळू सावरली.

महाराष्ट्रात कांद्याचे बीजोत्पादन, डाळिंब, सूर्यफूल व काकडीवर्गीय पिके यांना मधमाश्यांच्या परागीभवनाचा लाभ होतो. कांद्याच्या फुलातील पराग स्त्रीकेसर पक्व होण्यापूर्वीच झडत असल्याने बीजधारणेसाठी कीटकांची गरज असते. खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात कार्यरत आहे. महाबळेश्वरजवळील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. केंद्र शासनाने २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानाला सुरुवात केली.

स्लोव्हेनियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २० मे हा जागतिक मधमाशी दिन म्हणून घोषित केला असून २०१८ पासून तो पाळला जातो. आधुनिक मधुमक्षिकापालनाचे एक आद्य प्रवर्तक अँटोन यान्शा यांचा जन्म २० मे १७३४ रोजी झाला होता.

हेही पहा

- मधमाशी
- परागीभवन
- मधुमक्षिकापालन
- कीटकनाशक
- अन्नसुरक्षा
- जैवविविधता